दोन अधिक दोन चार, पण करार वाचून!

अमेरिकेत पदवीची पहिली दोन वर्षे कमी खर्चाच्या कम्युनिटी कॉलेजात आणि पुढची दोन वर्षे नामांकित विद्यापीठात काढता येतात. पैसे वाचतात आणि पदवीवर नाव विद्यापीठाचेच येते. मात्र ही सोय ज्या ट्रान्सफर करारावर उभी आहे तो नीट वाचला नाही, तर वाचलेले पैसे आणि हातातले वर्ष दोन्ही जाऊ शकते.

२३ जुलै १९९९. अमेरिकेतल्या केनेडी अंतराळ केंद्रावरून 'कोलंबिया' हे यान आकाशात झेपावले. यानात एक मोठी क्ष-किरण दुर्बीण होती. भारतात जन्मलेले नोबेल विजेते शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या स्मरणार्थ तिला 'चंद्रा' हे नाव दिलेले होते. यानाचे नेतृत्व होते आयलीन कॉलिन्स यांच्याकडे. स्पेस शटलची धुरा सांभाळणारी ही जगातली पहिली महिला.

कॉलिन्स यांच्या घरची परिस्थिती बेताची होती. शाळा संपल्यावर थेट मोठ्या विद्यापीठात जाण्याऐवजी त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग या छोट्या गावातल्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातले. १९७६ मध्ये तिथली दोन वर्षांची असोसिएट डिग्री घेतली आणि मग त्या सिरॅक्यूज विद्यापीठात गेल्या. १९७८ मध्ये गणित आणि अर्थशास्त्र हे विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या. दोन वर्षे इथे, दोन वर्षे तिथे. हिशेब चोख जमला.

सगळ्यांचा मात्र तसा जमत नाही. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात पाऊल ठेवणाऱ्या दर दहा विद्यार्थ्यांपैकी सुमारे आठ जणांना पुढे चार वर्षांची पदवी घ्यायची असते. प्रत्यक्षात सुमारे एक तृतीयांश विद्यार्थीच विद्यापीठापर्यंत पोहोचतात. सहा वर्षांत पदवी हाती पडते ती शंभरांतल्या अवघ्या सोळा जणांच्या.

यामागे कारणे अनेक आहेत. कुणाला नोकरी करावी लागते, कुणावर संसाराचा भार असतो, कुणाचे पाया कच्चा असल्याने गणितात अडते. पण एक कारण असे आहे की ज्यात विद्यार्थ्याचा आळस नसतो, बुद्धीचाही दोष नसतो. त्याने शिकलेले विषय नवे विद्यापीठ मानत नाही.

गरिबाघरच्या मुलांसाठी उघडलेले दार

कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्याकडचे ज्युनियर कॉलेज नव्हे. तिथे शाळा संपवून आलेला अठरा वर्षांचा मुलगा असतो, तशी मुले मोठी झाल्यावर पुन्हा वही-पेन हाती घेणारी चाळिशीची गृहिणीही असते. परिचर्या, वाहनदुरुस्ती, हिशेबनिसी असे रोजगाराचे अभ्यासक्रम असतात आणि पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे विषयही असतात. प्रवेशासाठी टक्केवारीची शर्यत सहसा नसते.

या कल्पनेची सुरुवात १९०१ मध्ये झाली. इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावातील हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी मिळून एक प्रयोग केला. शाळा संपलेल्या मुलांना गाव न सोडता विद्यापीठाचा सुरुवातीचा अभ्यास तिथेच करता यावा, हा हेतू होता. पहिल्या तुकडीत विद्यार्थी होते सहा. म्हणजे विद्यापीठाकडे जाण्याची वाट ही या कॉलेजांना नंतर जोडलेली सोय नाही. त्यांचा जन्मच त्यासाठी झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा कॉलेजांचा पुरस्कार केला आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झाले.

१९६० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने उच्च शिक्षणाचा एक मोठा आराखडा आखला. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांना 'युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया', वरच्या एक तृतीयांश विद्यार्थ्यांना राज्य विद्यापीठे आणि बाकी सर्वांना कम्युनिटी कॉलेज, अशी ती वाटणी होती. पण वाटणी करून दार बंद केले नाही. कम्युनिटी कॉलेजात चांगले गुण मिळवणाऱ्याला तिसऱ्या वर्षी विद्यापीठात येता येईल, असे त्याच आराखड्यात ठरले. सोळा-सतराव्या वर्षी मागे पडलेल्या मुलाला विसाव्या वर्षी दुसरी संधी मिळाली.

आज कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत. तिथल्या रहिवाशांसाठी २०१२ पासून एका युनिटचे शुल्क ४६ डॉलर आहे. विद्यापीठात जाण्यासाठी साधारण ६० युनिट लागतात. म्हणजे दोन वर्षांचे शुल्क झाले २,७६० डॉलर. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात रहिवासी विद्यार्थ्याचे एका वर्षाचेच शुल्क १४ हजार डॉलरहून अधिक आहे. पुस्तके, राहणे, जेवण यांचा खर्च वेगळा धरला तरी फरक डोळ्यांत भरणारा आहे.

घोडे पेंड खाते कुठे?

अमेरिकेत प्रत्येक विषयाला ठरावीक श्रेयांक, म्हणजे क्रेडिट किंवा युनिट असतात. आठवड्याला तीन तास चालणाऱ्या विषयाला सत्राअखेर साधारण तीन श्रेयांक मिळतात. १२० च्या आसपास श्रेयांक जमले आणि विषयांच्या अटी पुऱ्या झाल्या की पदवी मिळते. बँकेच्या खात्यात पैसे साठत जावेत तसा हा प्रकार दिसतो.

पण एका कॉलेजात जमा झालेले श्रेयांक दुसऱ्या संस्थेने तसेच्या तसे वटवावेत, असा सबंध देशाचा नियम नाही. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कारभाराची तपासणी करणाऱ्या 'गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस' या संस्थेने २०१७ मध्ये एक अहवाल दिला. २००४ ते २००९ या काळात ज्यांनी संस्था बदलली त्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाया गेले, असा त्यात अंदाज होता. नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी संस्थेतून सरकारी संस्थेत गेलेल्यांचे तर ९४ टक्के गेले. फी भरली, रात्री जागून अभ्यास केला, परीक्षा दिली, उत्तीर्णही झाले आणि नव्या ठिकाणी पाटी जवळजवळ कोरी!

हे नुकसान दोन प्रकारे होते. पहिल्यात विद्यापीठ तो विषय मानतच नाही. हे निदान लगेच कळते. दुसरा प्रकार फसवा आहे. विद्यापीठ श्रेयांक मानते, पण मुख्य विषयाची अट पुरी झाली असे धरत नाही. ते श्रेयांक ऐच्छिक विषयांच्या खात्यात जाऊन पडतात.

समजा, एका मुलीला अभियंता व्हायचे आहे. तिच्या कम्युनिटी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे दोन अभ्यासक्रम आहेत. एक कलनशास्त्रावर आधारलेला, दुसरा त्याशिवायचा. दुसरा सोपा आणि वेळही सोयीची, म्हणून तिने तो घेतला. गुणही उत्तम मिळाले. विद्यापीठाने तिचे श्रेयांक आनंदाने नोंदवले. पण अभियांत्रिकी विभागाला कलनशास्त्रावर आधारलेलेच पदार्थविज्ञान हवे असते. आता तो विषय पुन्हा. त्याच्यावर अवलंबून असलेले पुढचे विषय थांबले. एका विषयाच्या चुकीने अख्खे वर्ष लांबणीवर पडले. गुणपत्रिकेत ते श्रेयांक दिसतात, पण पदवीच्या कामाला येत नाहीत.

करारात काय असते?

हे टाळण्यासाठीच कॉलेज आणि विद्यापीठ यांच्यात ट्रान्सफर करार होतात. त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला करार विषयापुरता असतो. अमुक कॉलेजातला हा विषय म्हणजे तमुक विद्यापीठातला तो विषय, अशी जोड त्यात लावलेली असते. दुसरा करार अभ्यासक्रमाचा असतो. परिचर्या, संगणकशास्त्र किंवा वाणिज्य अशा एखाद्या शाखेसाठी पहिल्या दोन वर्षांत कोणकोणते विषय घ्यायचे याची पूर्ण यादी त्यात मिळते. तिसरा करार असतो प्रवेशाच्या हमीचा. इतके श्रेयांक आणि इतके सरासरी गुण मिळवा, तुमची जागा पक्की, असे विद्यापीठ लिहून देते.

पालकांनी इथे एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. प्रवेशाची हमी आणि श्रेयांकांची हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'तुम्हाला आत घेऊ' असे म्हणणारे विद्यापीठ 'तुम्हाला तिसऱ्या वर्षात घेऊ' असे म्हणतेच असे नाही. वधूवरांच्या बैठकीत 'मुलगी पसंत आहे' एवढ्यावर कुणी उठत नाही. पुढच्या सगळ्या गोष्टी बोलून घेतात. इथेही तसेच करावे.

फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियाची वाट

फ्लोरिडा राज्याने हा प्रश्न लवकर हाती घेतला. १९७१ मध्ये तिथे राज्यभरासाठी एकच करार झाला. सरकारी कॉलेजातून असोसिएट इन आर्ट्स ही दोन वर्षांची पदवी घेतली की राज्याच्या विद्यापीठांपैकी कुठेतरी तिसऱ्या वर्षात जागा मिळते. शिवाय सारख्या विषयांना राज्यभर एकच क्रमांक दिलेला असतो. क्रमांक जुळला की विषय जुळला, हे शिपायालाही सांगता येईल इतके सोपे. पण इथेही मेख आहे. हमी विद्यापीठ व्यवस्थेत शिरण्याची आहे, आवडत्या विद्यापीठाची किंवा मर्यादित जागांच्या शाखेची नाही.

कॅलिफोर्नियात युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या नऊ ठिकाणी पदवीचे शिक्षण मिळते. त्यांपैकी डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रुझ ही सहा ठिकाणे कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना प्रवेशाची लेखी हमी देतात. त्यासाठी ट्रान्सफरच्या आदल्या वर्षी सप्टेंबर महिन्यात वेगळा अर्ज करावा लागतो आणि सहापैकी एकच ठिकाण निवडता येते. बर्कले, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो ही तीन ठिकाणे अशी हमी देत नाहीत. तिथेही कम्युनिटी कॉलेजातून विद्यार्थी जातात, पण स्पर्धेतून. संगणकशास्त्रासारख्या गर्दीच्या विषयांना तर हमी देणाऱ्या काही ठिकाणीही ती लागू नसते.

राज्य विद्यापीठांसाठी २०१० मध्ये वेगळा कायदा झाला. ट्रान्सफरसाठीच आखलेली ६० युनिटांची असोसिएट डिग्री घ्या, राज्य विद्यापीठात त्याच्याशी मिळत्याजुळत्या विषयात या आणि आणखी ६० युनिटांत पदवी पुरी करा, असे त्याचे सूत्र आहे. विद्यापीठाने मधेच जादा विषय लादायचे नाहीत. पण इथली हमीही 'राज्य विद्यापीठांपैकी कुठेतरी' एवढीच आहे. घराजवळचेच विद्यापीठ मिळेल असे नाही.

कोणता विषय कुठे चालतो हे पाहण्यासाठी कॅलिफोर्नियाने 'असिस्ट' नावाची सोय केली आहे. आपले कॉलेज, हवे ते विद्यापीठ आणि शाखा निवडली की विषयांची जोडयादी समोर येते. संगणकावर ती कुणालाही फुकट पाहता येते, अगदी कोल्हापुरात किंवा इंदूरमध्ये बसूनही. सर्व कम्युनिटी कॉलेजांत सारख्या विषयांना सारखेच क्रमांक देण्याचा कायदा तिथे २०२१ मध्ये झाला आणि ते काम टप्प्याटप्प्याने सुरू झाले. दोन्ही विद्यापीठ व्यवस्थांसाठी सामान्य विषयांची एकच यादीही २०२५ च्या शरद सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांना लागू झाली. फ्लोरिडाने कित्येक वर्षांपूर्वी जे केले, तिकडे कॅलिफोर्निया आता वळतो आहे.

आपल्या मुलांसाठी

कॅलिफोर्नियातली डी अँझा आणि सांता मोनिका ही कॉलेजे परदेशी विद्यार्थ्यांत चांगलीच परिचित आहेत. सांता मोनिकातून दरवर्षी मोठ्या संख्येने विद्यार्थी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात जातात. भारतातून गेलेला विद्यार्थी एफ-१ व्हिसावर कम्युनिटी कॉलेजात शिकू शकतो. मात्र त्या कॉलेजाला परदेशी विद्यार्थी घेण्याची सरकारी मान्यता हवी.

पण ४६ डॉलरचा दर पाहून हुरळून जाऊ नये. तो रहिवाशांसाठी आहे. भारतातून आलेल्या विद्यार्थ्याला त्याच्या कित्येक पट शुल्क पडते. पुढे विद्यापीठातही रहिवासी विद्यार्थ्याच्या शुल्कावर वर्षाला ३० हजार डॉलरहून अधिक जादा रक्कम भरावी लागते. म्हणूनच श्रेयांक वाया जाणे हे आपल्या मुलांना सर्वांत महागात पडते. अमेरिकन मुलगा घरी राहून, नोकरी करून एखादे सत्र जास्त काढू शकतो. आपल्या मुलाचे एक जादा वर्ष म्हणजे इथे बापाने काढलेल्या कर्जात कित्येक लाखांची भर. व्हिसाची मुदत आणि घरून येणारी मदत, दोन्हींची दोरी आखूड असते.

तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना शुल्काची काळजी कमी, पण 'लोक काय म्हणतील' याची असते. दोन वर्षांच्या कॉलेजात मुलगी जाते हे नातेवाइकांना सांगताना जीभ अडखळते. अशा आई-वडिलांनी कॉर्निंगच्या त्या विद्यार्थिनीची आठवण ठेवावी. टॉम हँक्स यांच्यासारखा ऑस्कर विजेता अभिनेताही कॅलिफोर्नियातल्या शॅबो कम्युनिटी कॉलेजातून पुढे राज्य विद्यापीठात गेला होता आणि २०१५ मध्ये त्याने एका मोठ्या वृत्तपत्रात त्या कॉलेजाविषयी कृतज्ञतेने लिहिले. अखेर पदवी देते ते विद्यापीठ आणि तिच्यावर नावही त्याचेच असते.

प्रवेशाआधी एवढे विचारा

• शेवट आधी ठरवा. कोणत्या विद्यापीठात आणि कोणत्या शाखेत जायचे आहे हे पहिल्या सत्रातच निश्चित करा. निदान दोन-तीन ठिकाणे तरी डोळ्यांसमोर ठेवा. विषय त्यांच्या यादीवरून निवडा, वर्गाच्या सोयीच्या वेळेवरून नव्हे.

• करार लेखी मागा. 'आमचे विद्यार्थी सगळीकडे जातात' हे दलालाचे तोंडी बोलणे झाले. कराराची प्रत, त्याचे वर्ष आणि त्याची मुदत पाहा. करार बदलतात. तुम्ही ज्या वर्षी सुरुवात केली त्या वर्षीचे नियम तुम्हाला लागू राहतील का, हे विचारा.

• प्रत्येक विषयाबाबत दोन प्रश्न विचारा. याचे श्रेयांक मानले जातील का? आणि ते माझ्या मुख्य विषयात धरले जातील का? दुसरा प्रश्न विद्यापीठाच्या त्या विभागालाच विचारलेला बरा.

• साखळीतले विषय तोडू नका. पदार्थविज्ञान किंवा रसायनशास्त्राचे दोन-तीन भाग असतील तर ते एकाच कॉलेजात पूर्ण करा. अर्धे इथे, अर्धे तिथे केले की जोड जुळत नाही.

• संस्थेची मान्यता तपासा. जाहिराती झगमगीत आणि करारांची यादी नाही, अशा नफेखोर संस्थेपासून चार हात दूर राहा.

• प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम जपून ठेवा. उद्या वाद झाला, तर काय शिकवले होते हे दाखवायला तोच कामी येतो.

आपल्याकडेही तोच प्रश्न

ही वाट आपल्याला अगदी अनोळखी नाही. दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतनाची पदविका आणि मग अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, हा रस्ता महाराष्ट्रातली किती तरी घरे ओळखतात. परिस्थितीमुळे लवकर मिळवते व्हावे लागेल अशी धास्ती असलेल्या मुलांनी याच रस्त्याने पदवी गाठली आहे. हा रस्ता चालतो, कारण पदविकेनंतर विद्यार्थ्याला कुठे बसवायचे हे नियमाने ठरलेले आहे.

कम्युनिटी कॉलेज या नावाची संस्थाही भारतात आली. १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाने पहिले कम्युनिटी कॉलेज सुरू केले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या वाटेत थांबण्याची आणि पुन्हा सुरू करण्याची मुभा दिली. त्यासाठी २०२१ मध्ये श्रेयांकांची बँक सुरू झाली. विद्यार्थ्याचे श्रेयांक तिच्यात जास्तीत जास्त सात वर्षे जमा राहतात.

ही सोय चांगली आहे. लग्न झाले, गाव सुटले, घरी आजारपण निघाले म्हणून ज्यांचे शिक्षण तुटले, अशा मुलींना तिचा मोठा आधार होऊ शकतो. पण अमेरिकेचा अनुभव इथे कामाचा आहे. श्रेयांक साठवणे आणि ते वटणे यांत अंतर असते. एका विद्यापीठातले विषय दुसऱ्याच्या अभ्यासक्रमात कुठे बसतात, हे विषयवार लिहून ठेवल्याशिवाय ते अंतर मिटत नाही. तेव्हा कॉलेज मधेच सोडावे लागणाऱ्या मुलीने 'श्रेयांक जमा आहेत' एवढ्यावर निश्चिंत राहू नये. जिथे पुढे शिकायचे आहे, तिथल्या कार्यालयात जाऊन यातले किती धराल, हे लेखी घ्यावे.

परगावी मुलीला पाठवताना आई तिच्या सामानात लोणच्याची बरणी, औषधे, गरम कपडे आठवणीने भरते. बाप बँकेचे कागद पुन्हा पुन्हा मोजतो. त्या सामानात आणखी दोन पाने जाऊ द्यावीत, विद्यापीठाच्या विषयांची यादी आणि कराराची प्रत. पहिल्या सत्राचे विषय निवडायला ती बसेल तेव्हा ही पाने तिच्या शेजारी उघडी असली, की दोन वर्षांनी कुणाला 'हे आधी का नाही सांगितले' असे म्हणावे लागणार नाही.